न थकलेल्याचा विसावा

थकलेल्यानं टेकावं, यात विशेष काही नाही. औतावरून सोडला की बैल बसतो, पाळी संपवून आलेला माणूस आधी चपला काढतो. पण जो थकतच नाही, त्यानं विसावा का घ्यावा? बायबल उघडलं की दुसऱ्याच अध्यायात हा प्रश्न उभा राहतो. सहा दिवसांत उजेड, आकाश, समुद्र, झाडं, मासे, पाखरं, जनावरं, माणूस असं सगळं करून झालं आणि सातव्या दिवशी देवानं विसावा घेतला. त्याच बायबलात पुढे यशया संदेष्टा ठासून सांगतो की हा देव दमत नाही, भागत नाही. संडे स्कूलला आमच्याकडची जुनी माणसं अजून शब्बाथशाळाच म्हणतात. त्या शब्बाथशाळेत मी बाईंना हे विचारलं होतं. "देवाला नाही रे, तुला गरज होती म्हणून," असं सांगून बाईंनी पुढचं गाणं सुरू केलं. उत्तर वाईट नव्हतं, पण अपुरं होतं. कारण त्या प्रसंगात विसावतो तो एकटा देव. माणसानंही थांबावं असं तिथे कोणी त्याला सांगत नाही. ती आज्ञा यायला उत्पत्तीचं अख्खं पुस्तक संपावं लागतं.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला देवाचा शीण नवा नाही. आषाढीच्या दिवसांत पंढरपुरात विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात. शयनी एकादशी हा देव झोपी जाण्याचा दिवस, आणि नेमका त्याच काळात हा देव रात्रंदिवस दर्शनासाठी उभा. मग प्रक्षाळपूजा होते, शिणवटा जावा म्हणून काढा दाखवतात आणि पलंग पुन्हा शेजघरात येतो. भक्तांसाठी देव दमतो ही कल्पना मला फार लोभस वाटते. ख्रिस्ती असून तिचा थोडा हेवाही वाटतो. उत्पत्तीतल्या देवाचा विसावा या जातीचा नाही. त्याला काढा लागत नाही. सहाव्या दिवशी त्यानं केलेलं सगळं पाहिलं, फार चांगलं आहे असं ठरवलं, आणि पुरे म्हणून हात थांबवले. आणखी एक तारा, आणखी एक प्राणी करता आला नसता असं थोडंच आहे? करता येत असून केला नाही.

या थांबण्याचं मोल कळायला बाबिलोनला जावं लागतं. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास नबुखद्नेस्सराच्या सैन्यानं यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं आणि लोकांना धरून नेलं. उत्पत्तीचा पहिला अध्याय आज आहे त्या रूपात याच बंदिवासात किंवा त्याच्या आगेमागे सिद्ध झाला, असं अनेक अभ्यासक मानतात. ज्या मुलखात हे लोक नेले गेले तिथे सृष्टीच्या कथा आधीपासून होत्या, मातीच्या पाट्यांवर कोरलेल्या. त्यातली अत्राहसीसची कथा एकदा वाचली की विसरता येत नाही. तिच्यात सुरुवातीला माणूस नसतोच, देवच राबत असतात. म्हणजे धाकटे देव. थोरले आपापल्या जागी बसलेले, आणि धाकटे कालवे खणताहेत, टोपल्या वाहताहेत. टायग्रिस आणि युफ्रेटिसही त्यांनीच खणलेल्या. शेवटी ते वैतागतात, अवजारं जाळतात आणि रात्री एन्लिल देवाच्या घराला वेढा घालतात. वाङ्मयातला हा सगळ्यात जुन्या संपांपैकी एक असणार. तोडगा असा निघतो: एका देवाला मारायचं, त्याचं रक्तमांस मातीत कालवायचं आणि माणूस घडवायचा. टोपली आता त्याच्या डोक्यावर. देव मोकळे. पुढे माणसं वाढतात, त्यांचा गलका वाढतो, एन्लिलची झोप मोडते, आणि त्या मोडलेल्या झोपेपायी रोगराई येते, दुष्काळ येतो, अखेर महापूर येतो. मार्दुक देवाचा महिमा सांगणाऱ्या 'एनुमा एलिश'मध्येही माणसाचा जन्म याचसाठी आहे. त्यानं राबावं आणि देवांनी निवांत बसावं.

या कथांना हसू नये. त्या ज्या जगात रचल्या गेल्या त्याचं त्या अगदी खरं वर्णन करतात. वरच्याचा आराम खालच्याच्या पाठीवर उभा असतो, आणि खालच्यानं आवाज केला की वरच्याला झोप लागत नाही. अशा त्या कालव्यांच्या देशात, खबार कालव्याच्या काठी वसवलेल्या हरलेल्या माणसांनी दुसरीच कथा जपली. तिच्यात देव स्वतः काम करतो. माणूस घडवल्यावर त्याच्या डोक्यावर टोपली देत नाही. उलट शेतातला दाणा आणि झाडाचं फळ तुझं, असं म्हणून आधी त्याच्याच जेवणाची सोय लावतो. मग थांबतो. या देवाच्या विसाव्यासाठी कोणालाही घाम गाळावा लागलेला नाही. माझ्या मते बायबलातल्या शब्बाथाचं, म्हणजे विसाव्याच्या दिवसाचं, सगळं बीज इथे आहे, आणि पुढच्या अडीच हजार वर्षांत ते आपण पुन्हा पुन्हा विसरलो.

कार्ल बार्थ या स्विस धर्मशास्त्रज्ञानं याच जागी आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं आहे. माणूस घडला सहाव्या दिवशी, तोही सगळ्यात शेवटी. म्हणजे देवाचा जो सातवा दिवस, तो माणसाचा पहिला. डोळे उघडले तेव्हा जग तयार होतं आणि समोर सुटी होती. त्यानं अजून काडी हलवली नव्हती. आपल्याकडे सुटी आधी कमवावी लागते, मग अर्ज करावा लागतो, मग साहेबाची मर्जी लागते. आजारी पडलो तर दाखला द्यावा लागतो. इथे मजुरी आधी आणि काम नंतर. ख्रिस्ती श्रद्धा जिला कृपा म्हणते ती समजावून सांगायला पौलानं रोमकरांना लांबलचक पत्र लिहिलं. ती या दिवसात आधीच आहे.

आणि या सातव्या दिवसाला संध्याकाळ नाही. पहिल्या सहाही दिवसांच्या शेवटी संध्याकाळ झाली, सकाळ झाली, असं पालुपद येतं. सातव्याला ते येत नाही. लेखनिकाच्या हातून राहून गेलं म्हणावं, तर इतक्या मोजूनमापून लिहिलेल्या अध्यायात असली चूक पटत नाही. संत ऑगस्टीननं आपल्या 'कन्फेशन्स'चा शेवट याच न मावळणाऱ्या दिवसापाशी केला. त्या पुस्तकाची सुरुवात माणसाच्या अस्वस्थ मनापासून होते, चोरलेल्या नासपतींपासून ते मिलानच्या बागेतल्या रडण्यापर्यंत तो सगळं सांगतो, काळ म्हणजे काय यावर पानंच्या पानं डोकं फोडतो, आणि मग देवाच्या विसाव्यात माणसालाही जागा आहे असं म्हणून थांबतो. इब्री लोकांस पत्रातही तेच आहे: देवाच्या लोकांसाठी शब्बाथाचा विसावा अजून राखून ठेवलेला आहे, दार बंद झालेलं नाही.

इथवरचं सगळं सुंदर आहे, आणि सुंदर गोष्टीचा एक धोका असतो. ती ऐकून डोळे मिटून बसावंसं वाटतं. आज्ञा मात्र डोळे मिटू देत नाही.

आज्ञेआधी मान्ना येतो. मिसरातून सुटलेले लोक रानात उपाशी, आणि रोज सकाळी जमिनीवर खायला पडलेलं. ज्यानं त्यानं आपल्यापुरतं गोळा करायचं; उद्यासाठी ठेवलं तर त्यात किडे पडत. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळे आणि ते टिके. सातव्या दिवशी काहीच नाही. तरी काही जण सातव्या दिवशी टोपली घेऊन बाहेर पडलेच. पिढ्यान्पिढ्या गुलामीत राबलेल्या माणसाला आज काम नाही यावर विश्वास कसा बसावा? दहा आज्ञा नंतर आल्या. त्याआधी त्यांना एक दिवस रिकाम्या हातानं बसायची सवय करावी लागली.

दहा आज्ञा बायबलात दोनदा दिल्या आहेत, आणि शब्बाथाचं कारण दोन्ही ठिकाणी वेगळं आहे. निर्गममध्ये कारण असं की देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादमध्ये कारण असं की तुम्ही मिसरात गुलाम होता, हे विसरू नका. एकीकडे आकाश-पृथ्वी, दुसरीकडे विटांची भट्टी. मला दुसरं कारण जास्त जवळचं वाटतं. ज्याला गुलामीत एकही सुटी मिळाली नाही त्यानं धनी झाल्यावर काय करावं, हे ते सांगतं. म्हणून मग यादी येते. तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, गुरंढोरं आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. देवळात जा, प्रार्थना करा, गाणी म्हणा, यातलं काही या आज्ञेत नाही. कोणाकोणाला सोडायचं, एवढंच आहे. निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात देव सृष्टीचं काम आटोपून ताजातवाना झाला असं म्हटलंय. त्याच पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात दासीच्या मुलाला आणि परक्याला तसंच ताजंतवानं वाटावं म्हणून सातवा दिवस पाळायला सांगितलंय. जो विसावा देवाला, तोच दासीच्या पोराला. अत्राहसीसच्या रचणाऱ्याला हे ऐकवलं असतं तर त्यानं वेड्यात काढलं असतं.

लेवीयमध्ये तर जमिनीलाही शब्बाथ आहे. सातव्या वर्षी पेरायचं नाही, आपोआप उगवेल ते घरधन्यानं, दासदासींनी, परक्यानं आणि रानातल्या जनावरानंही खावं. लोकांनी ते पाळलं नाही. मग इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाचा लेखक शेवटी हिशेब मांडतो: सत्तर वर्षं देश ओस पडला आणि जमिनीनं आपले थकलेले शब्बाथ वसूल केले.

पण त्या यादीत एक नाव नाही. पुन्हा वाचून पाहा. मुलगा आहे, मुलगी आहे, दासी आहे, गाढवसुद्धा आहे, बायको नाही. टीकाकार म्हणतात की 'तू' म्हणजे घरधनी आणि घरधनीण दोघं, तिला वेगळं सांगायची गरज नाही. असेल. ही टीका लिहिणाऱ्यांच्या घरी रविवारचा स्वयंपाक कोण करत होतं, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

माझी आजी नगर जिल्ह्यातली, अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकलेली. १८३१ साली नगरला आलेल्या त्या मिशनऱ्यांनी आपल्याबरोबर न्यू इंग्लंडमधला कडक रविवार आणला होता. त्या दिवशी खरेदी-विक्री नाही, प्रवास नाही, शिवणकाम नाही. आजी शनिवारीच पाणी भरून, सरपण आत आणून, कालवण करून ठेवायची. रविवारी शिळी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ते कालवण, यात घरातल्या कोणाला कुरकुर करायची मुभा नव्हती. लहानपणी मला ते फार जाचक वाटे. आता वाटतं, आठवड्यातून एक दिवस चूल न पेटवण्याचा हक्क तिनं आज्ञेच्या आडून मिळवला होता. पुढच्या पिढीनं मिशनऱ्यांचा जाच झुगारला, आम्ही मोकळे झालो, आणि रविवार मटणाचा झाला. उपासना सुटली की पुरुष खाटकाच्या दुकानापुढे रांगेत आणि बायका चर्चच्या साडीचा पदर खोचून वाटणापुढे. तीन वाजता रस्सा ओरपून घरधनी आडवा होतो आणि प्रभूच्या दिवसाबद्दल धन्यवाद देतो. भांडी अजून पडलेलीच असतात.

ख्रिस्ती मिशनरी यायच्या कितीतरी आधी शब्बाथ कोकणात पोचला होता, याचं मला फार अप्रूप आहे. अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात बेने इस्रायली यहुदी लोक पिढ्यान्पिढ्या तेल गाळत असत. मराठी बोलणारे, वेशानं शेजाऱ्यांसारखेच. मूळ ग्रंथ, मंदिर, भाषा सगळं मागे राहिलं, पण सुंता राहिली, शेमा ही प्रार्थना राहिली आणि शनिवार राहिला. शनिवारी त्यांचा घाणा बंद. गाववाल्यांनी त्यांना नाव दिलं शनवार तेली. यादीतला बैल आठवा. मराठीत घाण्याचा बैल म्हणजे ज्याला सुटका नाही असा जीव. कोकणात काही घाण्यांना जुंपलेल्या बैलांना मात्र शतकानुशतकं आठवड्याची सुटी होती. मोशेची आज्ञा अक्षरशः पाळली जात होती, आणि गावाला त्यात नवल वाटलं ते एवढंच की हे तेली शनिवारी का बसतात.

येशूचं शब्बाथावरून भांडण झालं ते याच बैलावरून. लूकच्या तेराव्या अध्यायात सभास्थानात एक बाई येते. अठरा वर्षं कमरेत वाकलेली, सरळ उभं राहता येत नाही. येशू तिला बोलावतो, हात ठेवतो, ती सरळ होते. सभास्थानाचा अधिकारी चिडतो, पण येशूला बोलायचं धाडस होत नाही म्हणून लोकांना सुनावतो: बरं व्हायचं तर आठवड्यात सहा दिवस आहेत, तेव्हा या. येशूचं उत्तर शेतकऱ्याचं आहे. तुम्ही शब्बाथाच्या दिवशी गोठ्यातला बैल, गाढव सोडून पाण्यावर नेता ना? मग अब्राहामाची ही लेक अठरा वर्षं बांधलेली आहे, तिला आजच्या दिवशी सोडायचं नाही? त्यानं शब्बाथ मोडला असं म्हणतात. मला वाटतं त्यानं यादी पुरी केली. बैल होताच, वाकलेली बाई राहिली होती.

योहानाच्या पाचव्या अध्यायातलं भांडण जास्त अवघड आहे. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं पडून असलेल्याला येशूनं शब्बाथाच्या दिवशी उठवलं आणि बाज उचलायला सांगितली. जाब विचारल्यावर तो म्हणाला की माझा पिता अजून काम करतो आहे आणि मीही करतो. म्हणजे देव विसावलेला नाही? यहुदी धर्मगुरूंनाही हे कोडं ठाऊक होतं. शब्बाथाच्या दिवशीही मुलं जन्मतात, माणसं मरतात, आणि जन्म-मरण तर देवाच्या हातात; तेव्हा जग चालतं ठेवण्याचं काम तो कधीच थांबवत नाही, असं ते मानत. घडवणं संपलं, सांभाळणं चालू आहे. घरातल्या कर्त्या बाईला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

येशू स्वतः झोपला तो मात्र भलत्या वेळी. वादळात, नावेच्या मागच्या भागात, उशी घेऊन. शिष्यांना ती झोप बेफिकिरी वाटली. मला शब्बाथाची याहून चांगली व्याख्या माहीत नाही: आपण जागे राहिलो नाही तरी समुद्र आपल्या हातात नव्हता आणि नाही, हे कळलेल्या माणसाची झोप. आणि मग तो शेवटचा शनिवार. शुक्रवारी क्रूसावर सगळं पूर्ण झालं, आणि सातव्या दिवशी तो कबरेत निजून होता. प्राचीन मंडळीनं यात सृष्टीचाच आठवडा पाहिला: काम पुरं करून देव पुन्हा एकदा विसावला, या खेपेला मेलेल्यांमध्ये. पवित्र शनिवारी आमच्या चर्चमध्ये काहीच नसतं. वेदी उघडी, घंटा मुकी. शुक्रवारच्या लांब उपासनेनं आणि रविवारच्या फुलांनी हा मधला दिवस आपण गिळून टाकला आहे. लूक त्या दिवसाची एकच नोंद करतो. गालीलातून आलेल्या बायकांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि आज्ञेप्रमाणे शब्बाथाच्या दिवशी विसावा घेतला. पुरुष काय करत होते ते तो लिहीत नाही. यादीत नसलेल्यांनीच त्या दिवशी आज्ञा पाळली.

शनिवारचा रविवार कसा झाला याची कहाणी मी थोडक्यात आटोपतो. तिच्यावर भांडणारे पुष्कळ आहेत. येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला म्हणून ख्रिस्ती लोक त्या दिवशी जमू लागले. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये जस्टिन मार्टर त्याचं वर्णन करतो: वाचन, उपदेश, भाकर, आणि मग अनाथ-विधवांसाठी वर्गणी. पण तो कामाचाच दिवस होता. गुलाम पहाटे किंवा रात्री चोरून येत. ३२१ साली सम्राट कॉन्स्टंटाइननं न्यायालयं आणि शहरातले कारखाने रविवारी बंद ठेवण्याचा हुकूम काढला, आणि शेतीला सूट दिली: पेरणीचा मुहूर्त चुकू नये म्हणून. सुटीच्या पहिल्याच सरकारी फर्मानातून शेतकरी असा वगळला गेला. काही ख्रिस्ती पंथांना हा वारबदल मान्य नाही. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट शनिवारच पाळतात. पुण्यातल्या त्यांच्या स्पायसर विद्यापीठात शनिवार हाच शब्बाथ. वाराबद्दल त्यांच्याशी वाद घालण्यात मला रस नाही. शास्त्राच्या आधारानं पाहिलं तर त्यांची बाजू लंगडी नाही, एवढं म्हणून पुढे जातो.

वाराच्या कडकपणातही काही थोर माणसं होऊन गेली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूनं १०० मीटरची शर्यत सोडली, कारण तिच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. मग तो ४०० मीटर धावला आणि सुवर्णपदक घेऊन आला. हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर निघालेला सिनेमा चर्चच्या हॉलमध्ये दाखवतात. त्याच्या पुढच्या आयुष्यातली गोष्ट कमी सांगितली जाते. तो चीनमध्ये मिशनरी झाला आणि दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला वेहसियनच्या छावणीत डांबलं. तिथेही रविवारी खेळ भरवायला तो तयार नव्हता. मग आईबापांपासून तुटलेली कंटाळलेली पोरं रविवारी आपापली हॉकी खेळू लागली आणि मारामाऱ्या झाल्या. तेव्हा लिडेल रविवारी पंच म्हणून मैदानात उतरला. सुवर्णपदकासाठी जे केलं नाही ते त्यानं पोरांसाठी केलं. १९४५ च्या फेब्रुवारीत तो त्याच छावणीत मेला. सिनेमाचा शेवट तिथे करायला हवा होता.

आणि मुंबई. इथल्या गोऱ्या साहेबांचे रविवार चर्चच्या घंटेनं सुरू होत, आणि त्याच शहरात गिरण्यांचे भोंगे सातही दिवस वाजत. आज्ञेतली परक्याची ओळ त्या राज्यात कोणी गिरणगावाला लावली नाही. ती लावून घेतली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या: रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद, पगार वेळेवर. मालकांनी दाद दिली नाही. १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली; तीत दोन कामकरी बायकाही बोलायला उभ्या राहिल्या. १० जून १८९० ला रविवारची सुटी मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार, असाही त्या मागणीला आधार दिला गेल्याचं सांगतात. मला यात काही विसंगत वाटत नाही. आमच्या चर्चमध्ये अमेरिकन मिशनऱ्यांच्या तसबिरी आहेत. लोखंड्यांचीही असावी, असं मी एकदा बोलून पाहिलं. लोक हसले. लोखंडे ख्रिस्ती नव्हते हे खरं. पण मुंबई इलाख्यात शब्बाथाची ही चौथी आज्ञा सगळ्यात जास्त घरांत कोणी पोचवली असा हिशेब मांडला, तर एकाही पाळकाचं नाव त्यांच्या वर लागणार नाही.

आता सुटी सगळ्यांना आहे असं आपण समजतो. आमोस संदेष्ट्यानं एक व्यापारी रंगवला आहे. तो शब्बाथ पाळतो, दुकान बंद ठेवतो, पण मनात एकच: हा दिवस कधी संपतो आणि मी गव्हाचं कोठार कधी उघडतो, माप कधी लहान करतो. त्याच्या हातात फोन नव्हता एवढाच फरक. प्रवचन चालू असताना मांडीवर उलटा ठेवलेला फोन थरथरतो, आणि उपासना सुटायच्या आत चार जणांनी ऑफिसला उत्तरं पाठवलेली असतात. पण तो आपापल्या मनाचा मामला आहे. मला जास्त बोचते ती दुसरी गोष्ट. घरातल्या बाईला सुटी म्हणून आम्ही हल्ली रविवारी जेवण बाहेरून मागवतो. दारात हेल्मेट घातलेला पोरगा पिशवी घेऊन उभा राहतो. तो 'वेशीच्या आतला परका' नाही तर कोण? टोपली एका पाठीवरून उतरली आणि दुसऱ्या पाठीवर गेली; हे तर अत्राहसीसचंच गणित झालं. मागवू नका असं मी म्हणत नाही. त्याचं पोट त्या दिवसावर आहे आणि रविवारीच त्याला चार पैसे जास्त सुटतात. म्हणूनच प्रश्न माझ्या एकट्याच्या धार्मिकपणानं सुटणारा नाही. बाबिलोनच्या कालव्यांकाठी तो सुटला नव्हता, गिरणगावात तो सभा घेऊन, भांडून थोडाफार सोडवावा लागला.

तरी एक गोष्ट आपल्या हातात आहे आणि ती याच महिन्यात करता येईल. मंदिरातले याजक शब्बाथाच्या दिवशी राबतात आणि तरी निर्दोष असतात, हे येशूनंच एकदा बोलून दाखवलं होतं. आपल्या पाळकसाहेबांना निदान सोमवार मिळतो, असं आपण धरून चालतो. पण चर्च उघडणारा, सतरंज्या घालणारा, घंटा वाजवणारा, नंतर खुर्च्या रचून झाडून घेणारा जो माणूस आहे, त्याचा रविवार आपण घेतो. त्याला बदल्यात कुठला वार देतो? पगार न कापता देतो का? सणाच्या आठवड्यातही देतो का? चर्च कमिटीच्या पुढच्या बैठकीत हे विचारा, आणि उत्तर मिळेल ते ठरावात लिहून घ्या.